मुलगा उपासनेला येत नाही, आणि कमिटीला बँड आणायचा आहे

पत्र : मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर आहे आणि बरीच वर्षं संडेस्कूल घेते. माझा मुलगा 24 वर्षांचा आहे. लहानपणी बायबलमधली वचनं पाठ करण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. गेली दोन वर्षं तो उपासनेला येत नाही. भांडण नाही, वाद नाही. रविवारी सकाळी खोलीचं दार लोटून घेतो, एवढंच. परवा त्याचे मित्रमैत्रिणी घरी आले होते, त्यांतले बरेचसे ख्रिस्ती नाहीत. मी सहज विचारलं, "आम्ही ख्रिस्ती लोक तुम्हाला कसे वाटतो?" आधी सगळे गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "काकू, राग मानू नका, पण तुमचे लोक भेटले की आपली परीक्षा चालू आहे असं वाटतं." एक मुलगा म्हणाला, "फार प्रेमानं बोलतात, पण चर्चला यायला नाही म्हटलं की फोन यायचे बंद होतात." माझा मुलगा मान खाली घालून ऐकत होता. त्यानं एकदाही "तसं नाहीये" म्हटलं नाही. ते मला जास्त लागलं. हे सगळं मी कमिटीत सांगितलं. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, आपली पद्धत तरुणांना जुनी वाटते. बँड आणू, मोठा पडदा लावू, उपदेश वीस मिनिटांत आटपू. पुढच्या बैठकीत तसा ठराव येणार आहे. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही.
– एक आई

ताई,

तुम्ही त्या मुलांना तो प्रश्न विचारलात आणि उत्तर मध्ये न तोडता ऐकून घेतलंत, याचं आधी मनापासून कौतुक करते. आपल्याकडे फार थोडी माणसं हे करतात. तरुण का येत नाहीत यावर कमिट्यांमध्ये तासन् तास चर्चा होते आणि त्या खोलीत पंचवीस वर्षांच्या आतलं कुणीही नसतं.

मुलगा गप्प राहिला याचं तुम्हाला वाईट वाटलं. जरा त्याच्या जागी बसून पाहा. मित्र बोलत होते ते त्याला खोटं म्हणता येईना, आणि आईसमोर खरं म्हणवेना. मला त्या गप्प राहण्यात अविश्वास दिसत नाही. ज्याला मंडळीशी काही देणंघेणं उरलेलं नसतं, तो अशा वेळी हसतो आणि मित्रांच्या बाजूनं स्वतःची दोन वाक्यं घालतो. तुमच्या मुलाला लाज वाटली. लाज आपल्या माणसांचीच वाटते.

आता त्या मुलांच्या दोन तक्रारींकडे येते. अमेरिकेतल्या बार्ना या संशोधन संस्थेनं 16 ते 29 या वयाच्या, चर्चच्या बाहेरच्या तरुणांना साधारण तुमचाच प्रश्न विचारला होता. 2007 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती लोक सतत दुसऱ्यांचा न्याय करतात, असं 87 टक्के म्हणाले. ते ढोंगी असतात, असं 85 टक्के. मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. नियमित चर्चला जाणाऱ्या तरुणांपैकीही जवळपास निम्म्यांनी हेच सांगितलं. आणि तरीही चर्चबाहेरच्या बहुतेक तरुणांना ख्रिस्ती धर्माची मूल्यं चांगली वाटत होती. म्हणजे येशूच्या शिकवणुकीवर त्यांचा फारसा आक्षेप नव्हता, आक्षेप आपल्या वागण्यावर होता. हे आकडे एका देशाचे आहेत आणि आता जुनेही झालेत, ते जसेच्या तसे सगळीकडे लावू नयेत. पण तुमच्या घरी आलेल्या मुलांनी ती पाहणी वाचली नव्हती, आणि तरी त्यांच्या तोंडून तेच आलं. त्याच देशात चर्चचे सभासद असलेल्या प्रौढांचं प्रमाण गॅलपच्या नोंदींप्रमाणे 1999 मध्ये 70 टक्के होतं, ते 2020 मध्ये 47 टक्क्यांवर आलं. अशा घसरणीला अनेक कारणं असतात, पण जवळच्या माणसांबद्दलचा असा अनुभव हे त्यांतलं लहान कारण नव्हे.

या टप्प्यावर आपल्यातले बरेच लोक म्हणतात, जग आपल्या विरोधात आहे, प्रभू येशूनं ते आधीच सांगून ठेवलंय. हा आधार इथे घेऊ नका. छळाबद्दल प्रभू बोलला तो नीतिमत्त्वासाठी होणाऱ्या छळाबद्दल. त्या मुलीनं जे म्हटलं, ते त्यानं स्वतः म्हटलेलं आहे. "तू आपल्या भावाच्या डोळ्यातलं कुसळ का पाहतोस आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ का ध्यानात घेत नाहीस?" मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय. तेविसाव्या अध्यायात तर तो शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, तोंडावर ढोंगी म्हणतो, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. इतरांवर जड ओझी लादायची आणि स्वतः बोटही लावायचं नाही, हा त्याचा आरोप आणि त्या मुलांचा आरोप यांत मला तरी अंतर दिसत नाही. त्या मुलांना आपला शत्रू समजणं सोपं आहे. मला वाटतं, ती येशूच्या बाजूनं बोलत होती, त्यांना ते माहीत नसलं तरी.

ढोंगाच्या आरोपामागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती मंडळीत मोठ्यानं बोलली जात नाही. आजच्या तरुणांनी चर्चबद्दल बातम्यांमध्ये काय वाचलं आहे? फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2021 मध्ये एका स्वतंत्र आयोगाचा अहवाल आला. 1950 पासूनच्या सत्तर वर्षांत कॅथलिक धर्मगुरू आणि व्रतस्थांकडून, म्हणजे व्रत घेऊन संघात राहणाऱ्यांकडून, लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांची संख्या त्यानं सुमारे 2 लाख 16 हजार अंदाजली. ऑस्ट्रेलियात सरकारनं नेमलेल्या आयोगानं 2013 ते 2017 अशी पाच वर्षं हेच काम केलं. त्यात वेगवेगळ्या पंथांची चर्चेस होती, शाळा, वसतिगृहं होती. शिकवण पावित्र्याची, आणि आत हे. तरुणांना अत्याचाराइतकीच चीड त्यावर घातलेल्या पांघरुणाची येते. "आमच्या मंडळीत असं काही नाही" हे उत्तर त्यांना पुरत नाही. "आमच्याकडे लहान मुलांच्या वर्गात एकटं मोठं माणूस बसत नाही, तक्रार कुणाकडे करायची ते भिंतीवर लिहिलं आहे आणि ती आम्ही पोलिसांपासून लपवत नाही", हे पुरतं. तुम्ही संडेस्कूल घेता. हा नियम तुमच्याकडे नसेल तर बँडच्या आधी त्याचा ठराव आणा.

फ्रान्सच्या गोष्टीतली एक बाजू मात्र सांगायला हवी. तो आयोग तिथल्या बिशपांनी आणि व्रतस्थ संघांनी स्वतःच नेमला होता. अहवाल आल्यावर नोव्हेंबर 2021 मध्ये लूर्दला जमून बिशपांनी संस्था म्हणून जबाबदारी मान्य केली आणि पीडितांना भरपाई देण्यासाठी चर्चची मालमत्ता विकायची तयारी दाखवली. उशीर झाला, फार उशीर झाला. पण पश्चात्ताप प्रवचनात सांगायचा आणि हिशेबाच्या वहीतही दिसू द्यायचा, याचं ते एक उदाहरण आहे.

आता बँड.

वाद्यांशी माझं काही वाकडं नाही. दाविदानंही वीणा वाजवली. पण पाळकसाहेबांनी जे निदान केलं आहे ते चुकलं आहे, असं मला स्पष्ट वाटतं. त्या मुलीनं "तुमची गाणी जुनी आहेत" असं म्हटलं नव्हतं. तिनं म्हटलं, परीक्षा चालू आहे असं वाटतं. परीक्षेच्या खोलीत गिटार वाजवली म्हणून परीक्षा संपत नाही.

यावर अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतल्या फुलर युथ इन्स्टिट्यूटनं तरुण ज्यांच्याकडे खरोखर येतात आणि टिकतात अशा 250 हून अधिक मंडळ्या पाहिल्या. 2016 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मोठी इमारत, भरपूर पैसा, झगमगती उपासना, पातळ केलेला उपदेश, यांतलं काहीही आवश्यक नाही असं त्यांना आढळलं. तरुण जे सांगत होते ते साधं होतं: इथे आपुलकी आहे, इथे मला घरच्यासारखं वाटतं. शिवाय त्या मंडळ्या तरुणांच्या हाती खरी जबाबदारी देत होत्या. फ्रान्समधल्या तेझे या छोट्या गावातल्या बंधुसमाजाचं पाहा. ब्रदर रॉजे यांनी 1940 मध्ये तिथे सुरुवात केली. एकेक ओळीचं गीत सावकाश पुन्हा पुन्हा म्हणायचं आणि मग बराच वेळ कुणी काही बोलायचं नाही, अशी त्यांची प्रार्थना. उन्हाळ्यात तिथे एकेका आठवड्यात हजारो तरुण येतात, तंबूत राहतात, भांडी घासतात, गटात बसून आपल्या शंका बोलतात. शंका बोलल्याबद्दल तिथे कुणाला बाजूला काढत नाहीत.

तेव्हा ठरावाआधी एक काम करा. कुठल्याही रविवारी दाराजवळ उभ्या राहा आणि बऱ्याच दिवसांनी आलेल्या तरुणाशी आपली माणसं काय बोलतात ते नुसतं ऐका. "अरे वा, आज वाट चुकलास का?" "आम्हाला वाटलं, देवाला विसरलास." "नोकरी लागली का?" "लग्नाचं काय मग?" "केस असे काय वाढवलेत?" विचारणाऱ्यांच्या मनात माया असते, मला त्याबद्दल शंका नाही. पण दारापासून बाकापर्यंत पोचेस्तोवर त्या पोराची हजेरी, कमाई, लग्न आणि केस, सगळ्यांची तपासणी होऊन गेलेली असते. उपदेश सुरू व्हायच्या आधीच तो निकाल ऐकून बसलेला असतो. "बरं वाटलं तुला पाहून, ये, इथे जागा आहे" एवढ्यावर थांबणारी दोन माणसं दारात असली तरी खूप झालं. आणि उपासना संपल्यावर त्याला गाठून "आता दर रविवारी यायचं हं" असं म्हणू नका.

न्याय करणं म्हणजे दर वेळी रागावून बोलणं नसतं. फार लवकर उत्तर देणं हाही त्याचाच एक प्रकार. एका तरुण संघाच्या बैठकीला मी हजर होते. एका मुलीनं विचारलं, "माझी आजी ख्रिस्ती नव्हती. मला तिनंच वाढवलं. ती गेल्या महिन्यात गेली. ती आता कुठे असेल?" पुढाऱ्यानं लगेच योहान चौदा, सहा काढायला सांगितलं, "माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही" हे येशूचं वचन. सगळ्यांनी पवित्र शास्त्र उघडलं, पानांची सळसळ झाली, एकानं खणखणीत आवाजात वचन वाचलं, आणि गट पुढच्या प्रश्नाकडे वळला. ते वचन खरं आहे असं मी मानते. पण आजीचं नाव काय होतं, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. मुलीनं वही बॅगेत टाकली, शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांबरोबर उभी राहिली, आणि त्यानंतर ती कधी आली नाही. मेलेल्या लाजराला आपण पुन्हा उठवणार हे येशूला माहीत होतं, तरी लाजराची बहीण मरिया हिला रडताना पाहून तो आधी रडला. त्या पुढाऱ्याकडे वचन होतं, अश्रू नव्हते, आणि मुलीला प्रश्नाच्या आधी माणूस हवं होतं. "न्याय देवाच्या हाती आहे, तो तुझ्या-माझ्यापेक्षा दयाळू आहे. तू मला तिच्याबद्दल सांग" असं म्हटलं असतं तर सिद्धांताला कुठेही धक्का लागत नव्हता.

लूकच्या चोविसाव्या अध्यायातली अम्माऊसची वाट मी या बाबतीत पुन्हा पुन्हा वाचते. येशूच्या क्रूसावरच्या मरणानंतर दोन निराश शिष्य यरुशलेम सोडून चालले आहेत. म्हणजे आजच्या भाषेत, मंडळी सोडून चाललेलेच. मेलेल्यांतून उठलेला येशू, त्यांना ओळखू न येता, त्यांच्या दिशेनं त्यांच्याबरोबर चालतो, त्यांना आधी परत वळवत नाही. काय बोलताय असं विचारतो आणि त्यांची सगळी हकीकत, त्यांची निराशाही, ऐकून घेतो. जणू त्याला काहीच माहीत नाही. शास्त्र उलगडून सांगतो ते त्यानंतर. बोलतो तेव्हा स्पष्टच बोलतो, "मंदमतींनो" असंही म्हणतो, पण तोवर त्यानं ते ऐकवण्याचा अधिकार कमावलेला असतो. आणि गाव जवळ आल्यावर तो पुढे जाण्याचा रोख दाखवतो. त्यांनी आग्रह केला म्हणून थांबतो. आपल्या किती भेटी अशा असतात, की समोरच्यानं आग्रह केला नसता तर आपण निघून गेलो असतो?

इथून तुमच्या दुसऱ्या पाहुण्याची तक्रार येते. चर्चला नाही म्हटलं की फोन बंद. ताई, मला ही पहिलीपेक्षा जड वाटते, कारण यात आपलं प्रेमच खोटं ठरतं. त्या मुलाला कुणीतरी मित्र म्हणून फोन केले, त्याची विचारपूस केली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की ही विचारपूस एका रविवारासाठी होती. आपण सुवार्ता सांगू नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः ती सांगते आणि सांगत राहीन. पण पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात काय आहे ते नीट पाहा: तुमच्या आशेबद्दल जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेनं, आदरानं द्या. आधी कुणाला तरी विचारावंसं वाटलं पाहिजे. आणि त्यानं कधीच विचारलं नाही तर? तरी मैत्री राहिली पाहिजे. त्याच्या बापाच्या आजारपणात रात्री दवाखान्यात बसणारं माणूस आपल्यातलं असलं पाहिजे, आणि त्याबद्दल पुढच्या साक्षीच्या सभेत, जिथे आपण आपले अनुभव सांगतो, एक अक्षर निघता कामा नये.

सुरुवातीच्या मंडळीचं नाव याच गोष्टीनं झालं होतं. रोमचा सम्राट ज्युलियन हा ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे परतलेला, ख्रिस्ती लोकांचा कडवा विरोधक. 362 साली त्यानं आपल्या एका मुख्य पुजाऱ्याला पत्र लिहिलं, त्यात तो चडफडतो की हे गालीली (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) आपल्याच गरिबांना पोसतात असं नाही, आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमचे लोक मात्र आपल्यांना मदत करत नाहीत. त्याच्या मनातली ख्रिस्ती माणसाची प्रतिमा कुणी प्रचार करून घडवलेली नव्हती. ती त्याला रस्त्यावर दिसत होती, आवडत नसताना दिसत होती.

आणखी एक विषय आहे, जो तुमच्या कमिटीत निघाला की लोक घड्याळ पाहू लागतील. बार्नाच्या त्या पाहणीत सगळ्यांत वरचा आकडा न्याय करण्याचा नव्हता. ख्रिस्ती लोक समलिंगी माणसांच्या विरोधात असतात, असं 91 टक्के तरुण म्हणाले होते. या विषयावर चर्चेसमध्ये एकमत नाही, तुमच्या मंडळीची शिकवण काय असावी हे मी या सदरातून ठरवणार नाही. पण शिकवण कुठलीही असो, काही गोष्टींना शास्त्राचा आधार मिळत नाही. व्यासपीठावरून त्यांच्यावर विनोद करायला मिळत नाही. आईबापांना "पोराला घराबाहेर काढा" असं सांगायला मिळत नाही. एका माणसाचं गुपित प्रार्थनेची विनंती म्हणून चार जणांत फिरवायला मिळत नाही. बाकांवर बसलेल्या तरुणांत कुणीतरी स्वतःबद्दल भीत-भीत विचार करत बसलेलं असतं, आणि त्याचा शेजारी मित्र आपण काय बोलतो ते ऐकून ठरवत असतो, की ही जागा माझ्या मित्रासाठी सुरक्षित आहे का. हुंडा, जात, बायकोवर हात उचलणारा पण मंडळीत मानानं बसणारा माणूस, मनाचे आजार, हेही तसेच विषय. तरुणांना आपण यांवर काय मानतो हे जाणून घ्यायचं असतंच, पण आपण यांवर बोलतो तरी का, हे ते आधी पाहतात.

तरुण म्हणतात ते सगळंच बरोबर असंही मी म्हणणार नाही. त्यांच्या फोनवर येणारा ख्रिस्ती माणूस हा बहुधा सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा असतो. तुमच्या मंडळीतली जी बाई वर्षानुवर्षं आजाऱ्यांची अंथरुणं बदलते तिचा व्हिडिओ कुणी काढलेला नसतो. कधी कधी "न्याय करतात" या तक्रारीचा अर्थ एवढाच असतो, की कुणीतरी मला नाही म्हटलं. आणि पाप, क्षमा, क्रूस या गोष्टी कुणाला बोचतात म्हणून त्या काढून टाकल्या तर देण्यासारखं आपल्याकडे काही उरत नाही. तरुणांनाही ते कळतं. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेल्या, दगडमार होणार असलेल्या बाईला येशू "पुन्हा पाप करू नको" असं म्हणतोच. पण ते तो शेवटी म्हणतो, दगड घेतलेले हात खाली गेल्यानंतर, आणि "मीही तुला दोषी ठरवत नाही" हे आधी सांगून. आपण बहुतेक वेळा शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो.

आता कमिटीपुढे काय न्यायचं ते. ऐकण्याची एक बैठक बोलवा. मंडळीतले तरुण, मंडळी सोडून गेलेले तरुण, आणि यायला तयार असतील तर त्यांचे ख्रिस्ती नसलेले मित्र. दोन तास. कमिटीतल्या मोठ्यांनी यायचं, पण बोलायचं नाही. उत्तर द्यायचं नाही, खुलासा करायचा नाही, वचन काढायचं नाही, शेवटी "पण तुम्ही हेही लक्षात घ्या" असं म्हणायचं नाही. एकानं लिहून घ्यायचं. हे दिसतं त्यापेक्षा कठीण आहे. पंधराव्या मिनिटाला वडीलमंडळींपैकी कुणाला तरी राहवणार नाही, म्हणून अध्यक्षपद एखाद्या तरुणालाच द्या आणि मोठ्यांना थांबवण्याचा अधिकारही द्या. महिन्याभरानं त्याच मुलांना पुन्हा बोलावून सांगायचं, की तुम्ही हे हे म्हणालात, यातलं एवढं आम्ही बदललं, एवढं बदलणार नाही आणि का ते असं. हा दुसरा भाग गाळला तर पहिला न केलेला बरा.

मोठ्या प्रमाणावर हे झालेलं आहे. मार्च 2018 मध्ये कॅथलिक चर्चनं रोममध्ये सुमारे 300 तरुणांना बोलावलं होतं, त्यांत दुसऱ्या धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारेही होते. त्यांनी लिहिलेला मसुदा ऑक्टोबरमधल्या बिशपांच्या सभेपुढे गेला. पुढच्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनी तरुणांना उद्देशून जे पत्र लिहिलं, त्यात हे सरळ नोंदवलं आहे की पुष्कळ तरुण चर्चकडे काहीच मागत नाहीत, कारण आपल्या आयुष्यात तिचं काही महत्त्व आहे असं त्यांना वाटत नाही. काहींना तर तिचा त्रासच होतो. एवढ्या मोठ्या पदावरून हे लिहिता येतं तर आपल्या इतिवृत्तात का लिहिता येऊ नये?

दुसरी गोष्ट जबाबदारीची. तरुणांना आपण खुर्च्या लावायला बोलावतो, साउंड लावायला बोलावतो, नाताळच्या कार्यक्रमाला बोलावतो, आणि पैसा कुठे खर्चायचा हे ठरवताना मात्र "अजून लहान आहेत" म्हणतो. "कोणी तुझ्या तारुण्याला तुच्छ मानू नये" असं प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो तेव्हा तीमथ्य मंडळी सांभाळत होता. कमिटीत पंचविशीच्या आतल्या दोघांना जागा द्या, मतासकट. जमाखर्च फलकावर लावा. मुलं पहिला प्रश्न पैशाचा विचारतील, त्याची तयारी ठेवा.

आणि उंबरठ्यावरच्या माणसांसाठी जागा ठेवा. आपल्या मराठी मंडळीला ही कल्पना नवी नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसता यावं म्हणून. दोन वर्षांनी ते गेले आणि ते काम त्यांच्या मनासारखं उभं राहू शकलं नाही. पण ज्याचं अजून काही ठरलेलं नाही त्यालाही प्रश्न घेऊन बसता येईल अशी महिन्यातली एक संध्याकाळ, शेवटी विश्वासाची कबुली म्हणून हात वर करायला न लावणारी, तुमच्याकडे सुरू होऊ शकते.

मुलाला सध्या उपासनेला चल म्हणू नका. त्याऐवजी त्याला विचारा, "मंडळीत तुला काय खुपलं?" आणि उत्तरात तुमचं स्वतःचं नाव आलं तरी बचाव करू नका. त्याच्यासाठी प्रार्थना करता ती करत राहा, पण त्याला ऐकू जाईल अशा आवाजात नको.

पाळकसाहेबांशी बैठकीआधी एकट्यानं बोला. त्यांना सगळ्यांसमोर चुकीचं ठरवलंत तर ते ठरावाला जास्तच घट्ट धरतील, आणि रिकामी बाकं पाहण्याचं दुःख त्यांना तुमच्याइतकंच आहे. दर रविवारी ती समोरून तेच पाहतात. त्यांना सांगा की बँडचा ठराव रद्द करायचा नाही, फक्त ऐकण्याच्या बैठकीनंतर घ्यायचा. त्या दिवशी मुलांनीच वाद्यं मागितली, तर जरूर आणा, आणि कोणती गाणी घ्यायची तेही त्यांनाच ठरवू द्या.